सु-१४-२

नाव लिहायचं नाही, मी फळ्यावर लिहिलं.
आईच्या नावाचं पहिलं अक्षर,
आपल्या जन्माची तारीख,
मोठी भावंडं किती, तो आकडा.
एवढंच. म्हणजे पुढच्या वर्षी येईन तेव्हा
तुमचा कागद तुमच्याच कागदाला जोडता येईल
आणि तुम्ही कोण ते मला कळणार नाही.

लालगंजची शाळा, आठवी ब.
पंखा एकच, तोही सरांच्या खुर्चीवर.
मागच्या बाकावरून आवाज आला,
"मॅडम, आई दोन असल्या तं कोनाचं लिहू?"
वर्ग हसला. मी हसले नाही,
तो विनोद होता की नव्हता, ठरवता आलं नाही.
"जी सकाळी उठवते तिचं," म्हटलं.

प्रश्न सतरा: गेल्या तीस दिवसांत खर्रा किती वेळा?
एकदाही नाही, एकदोनदा, आठवड्याला, रोज.
सु-१४-२ ने चारही चौकोन कोरे ठेवले.
समासात पेन्सिलीनं, अक्षर बरं होतं:
'खात नाही. घोटतो.'

घोटतो.
पाटीवर पन्नी घासत राहायची
सुपारी मऊ पडेस्तोवर.
मी नऊ वर्षांची असताना बाबा म्हणायचे,
जा, नंदनवारच्या ठेल्यावरून एक आण, चुना कमी सांग.
ती पन्नी हातात गरम लागायची,
नुकत्याच दिलेल्या अंड्यासारखी.
मी ती फ्रॉकच्या खिशात घालून पळत यायचे
आणि बाबा उरलेला रुपया मलाच ठेव म्हणायचे.
पुढे त्यांच्या तोंडात तीन बोटं जायची बंद झाली,
मग दोन. शेवटी आई वरणात भाकर कुस्करायची,
ती कुस्करताना कुणी काही बोलायचं नाही.

माझ्या प्रश्नावलीत आणून देणाऱ्यांना रकाना नाही.
घोटणाऱ्यांनाही.
गाइड म्हणाल्या, उत्तर नाही म्हणजे नऊ, नऊ टाक.
टाकला.

मग आठ तास, दर शनिवारी.
नाही म्हणायचे सहा प्रकार, तक्ता रंगीत,
छपाईचं बिल अजून विद्यापीठात अडकलंय.
नाटुकलीत आग्रह करणारा मित्र झालेला पोट्टा
इतका गोड आग्रह करायचा
की नाही म्हणणारे तिघंही त्याच्या बाजूनं गेले.
सहाही प्रकार फळ्यावर लिहून झाल्यावर
कुणीतरी सातवा सांगितला,
"काही नाई मॅडम, म्हनायचं, दात दुखते बे.
त्याच्यावर कोनी बोलत नाई."
मी तो वहीत उतरवला. प्रबंधात आला नाही.

दुसऱ्या वर्षी दोनशे बारा कागदांपैकी
एकसष्ट जोडले गेले नाहीत.
याला गळती म्हणतात.
कोणी गावाला गेलं, कोणी नापास,
कोणी आपलीच जन्मतारीख विसरलं असेल.
सु-१४-१ होता. सु-१७-२ होता.
मी दोन रात्री ते गठ्ठे पुन्हा लावले,
मधला कागद दुसऱ्याला चिकटला असेल म्हणून
एकेक कडेनं फुंकून पाहिला.
शोधणार नाही असं मी समितीला लिहून दिलंय,
खाली सही आहे, तारीख आहे.

म्हणून मी शोधत नव्हते.
गोळीबार चौकात रिक्षा थांबली होती,
ठेल्यावर एक मुलगा पाटीशी वाकलेला,
खर्र, खर्र, खांद्यातून.
ओठांवर मिसरूड नुकतंच.
मी विनाकारण उतरले.
"काय देऊ?" मान खालीच.
पेपरमिंट, मी म्हटलं, दोन.
तेव्हा त्यानं वर पाहिलं,
हात थांबवला नाही, पण वेग जरा कमी केला.
"काहून मॅडम, दात दुखते का?"

दोन रुपये झाले. मी पाचाचं नाणं दिलं.
सुट्टे त्यानं माझ्या हातावर ठेवले, तीन नाणी,
घोटून घोटून गरम झालेल्या त्याच हातानं.
रिक्षावाला हॉर्न देत होता.
त्याला सकाळी कोण उठवतं,
हे मी विचारलं नाही.